दहिवराची नोंदवही

वास्कोत राहून हिवाळ्याच्या पहाटे दहिवराची छायाचित्रे काढतो असे सांगितले, की ऐकणारा प्रथम हसतो आणि मग विचारतो, "वास्कोत कसला हो हिवाळा?" प्रश्न रास्त आहे. तीन बाजूंनी पाणी, वर दाबोळीचे पठार, आणि जानेवारीतल्या अगदी गारठलेल्या पहाटेही आमच्या सज्जातला तापमापक एकोणीसच्या खाली उतरायला नाखूष. देशावरचे पाहुणे असल्या थंडीत सदऱ्याच्या बाह्या दुमडतात. आम्ही मात्र कानटोपी, गळपट्टा आणि पायमोजे अशा पुऱ्या सरंजामानिशी बाहेर पडतो आणि शेजारच्या मुलांच्या करमणुकीचा विषय होतो. माणसाची थंडी त्याच्या गावाच्या मापानेच मोजावी, एवढेच आमचे यावर म्हणणे आहे.

या लेखातला 'आम्ही' उभयतांचा आहे. कॅमेरा एकाच्या हाती असतो, थेंब प्रथम दिसतो तो सौभाग्यवतींना. शिवाय छत्तीस वर्षे सरकारी टिपण्या लिहिण्यात गेल्याने 'मी' हा शब्द कागदावर उतरवायला लेखणी अडखळते, हेही एक कारण आहेच.

उपक्रम साधा आहे. तुळशीच्या लग्नापासून महाशिवरात्रीपर्यंत रोज पहाटे बाहेर पडायचे, आणि गवत, पान, कोळिष्टक, किडा जे काही दवाने भिजलेले दिसेल त्याचे अगदी जवळून एक छायाचित्र घ्यायचे. चित्रे कितीही काढा, ठेवायचे एकच. त्याची नोंद वहीत करायची: तिथी, तारीख, जागा, वेळ, तापमान, आकाश कसे होते, वारा होता की नव्हता, आणि विषय. २०१५ सालच्या हिवाळ्यात, निवृत्तीला तीन वर्षे उरली असताना, ही वही आम्ही सुरू केली. रोज दहा वाजता कार्यालयात दुसऱ्यांच्या नस्त्यांवर शेरे मारण्यापूर्वी स्वतःची अशी एक नोंद झालेली असावी, ही त्यामागची ओढ होती. आता दहा हिवाळे उलटले, वह्या तीन झाल्या आणि नोंदी नऊशेच्या वर गेल्या. ज्या दिवशी दव पडलेच नाही त्या दिवशी 'निरंक' लिहितो. सरकारी नोकरीने दिलेला हा शब्द आम्हांला फार आवडतो. कारण निरंक लिहायलाही जाऊन पाहावे लागते.

वास्कोत दव कोठे मिळेल हे शिकण्यात पहिला हिवाळा गेला. बंदराच्या अंगाला ते जवळजवळ नसते, कारण पहाटे जमिनीकडून समुद्राकडे मतलई वारा वाहतो आणि वारा असला की थेंब धरत नाही. खारीवाड्याचे मच्छीमार ज्या वाऱ्याच्या भरवशावर पूर्वी होड्या लोटीत, तो आमचा वैरी. चिखलीच्या उताराच्या कुशीत, जेथे टेकडी वारा अडवते आणि वर झाडांचे छप्पर नसते, तेथे मात्र गवत असे भिजलेले सापडते की गुडघ्यापर्यंत विजार ओली होते. त्यातली आमची आवडती जागा एका सरकारी कुंपणालगत आहे. एकदा तेथे आम्ही दोघे गवतात उकिडवे बसलेले पाहून कुंपणापलीकडच्या पहारेकऱ्याने हटकले. त्याचेही चुकले नाही. साठीच्या घरातली दोन माणसे भल्या पहाटे कॅमेरा घेऊन कुंपणाशी दबून बसली, तर संशय यावयाचाच. आम्ही त्याला पडद्यावरचा थेंब मोठा करून दाखवला. त्यात कुंपण होते, आकाश होते आणि एक इवलासा पहारेकरी होता. बराच वेळ पाहून तो म्हणाला, "इसमें हम उल्टे क्यों हैं?"

थेंब म्हणजे निसर्गाने घडवलेले बहिर्गोल भिंग आणि त्यातून दिसणारे जग खाली डोके वर पाय असते, हे हिंदीतून समजावताना आमची तारांबळ उडाली. पण त्या दिवसापासून त्या माणसाने आम्हांला अडवले नाही. उलट एकदा कुंपणाच्या आतल्या बाजूचे मोठे जाळे त्यानेच हात करून दाखवले.

दव आकाशातून पडते अशी आपल्या भाषेचीच समजूत आहे. पाऊस पडतो तसे दवही 'पडते'. वस्तुतः ते पडत नाही, जागच्या जागी धरते. १८१४ साली लंडनमधल्या विल्यम चार्ल्स वेल्स या वैद्याने दवावर एक छोटा प्रबंध प्रसिद्ध केला. त्यासाठी तो रात्री बागेत सारख्या वजनाचे लोकरीचे झुबके मांडून ठेवी, काही उघड्यावर, काही आडोशाखाली, आणि त्यांचे पाण्याने वाढलेले वजन तोलून पाही. आकाश निरभ्र असेल तर उघड्यावरची लोकर जड होई, ढग असले किंवा वर नुसते एखादे पांघरूण असले तरी ती हलकी राही. गवताचे पाते आपली उष्णता रात्रभर मोकळ्या आकाशाला देऊन टाकते, भोवतालच्या हवेपेक्षा गार होते, आणि मग त्याला टेकलेल्या हवेतली वाफ त्याच्यावर पाणी होऊन बसते. ढग ही दुलई आहे, ती असली की पाते गार होत नाही. वेल्सच्या या गोष्टीचा पडताळा नोंदवहीत पानोपानी मिळतो. 'आकाश अभ्राच्छादित' या रकान्यापुढे बहुतेक वेळा 'निरंक' आहे.

आणखी एक भ्रम मोडला तो अळवाने. गवताच्या टोकावर किंवा अळवाच्या पानाच्या कडेला बरोबर अंतरा-अंतराने जे टपोरे थेंब बसलेले असतात, ज्यांच्यावर आम्ही पहिल्या वर्षी भाळून गेलो होतो, ते दव नव्हेच. मुळांनी रात्रभर ओढलेले पाणी वनस्पती पानाच्या कडेच्या सूक्ष्म छिद्रांवाटे बाहेर टाकते, तो तो पाझर. दव सर्वांगावर बारीक धरते, पाझर नेमक्या जागी येतो. हे कळल्यावर पहिल्या वर्षीच्या सतरा नोंदींतला 'दवबिंदू' हा शब्द खोडून बाजूला सही करावी लागली. खाडाखोडीवर सही हवी, हा जुना दंडक.

तंत्राबद्दल फार लिहीत नाही, कारण ते ज्याला हवे त्याने करूनच शिकावे लागते. वस्तू आहे त्याच आकाराने कॅमेऱ्यातल्या पृष्ठावर उमटवायची असेल तर स्पष्ट दिसणाऱ्या भागाची जाडी जेमतेम एक मिलिमीटर राहते. चतुराचा डोळा स्पष्ट आला की पंख धूसर होतात, पंख साधावे तर डोळा जातो. श्वास सोडला तरी कॅमेरा एवढा हलतो. तिपाई लावावी तर तिचे पाय रोवताना गवताला धक्का बसून ज्यासाठी आलो तो थेंबच गळून जातो. यावर सौ.नी तोड काढली. जुन्या साडीच्या काठाची पिशवी शिवून तीत उकडे तांदूळ भरले. जमिनीवर ती पिशवी, तिच्यावर कॅमेरा, आणि आम्ही पोटावर पालथे. दहा वर्षांत पिशवी दोनदा बदलली, तांदूळ मात्र उकडेच, सुरयांचे सरकतात म्हणे. दुसरी गोष्ट भिंगाची. आमच्या दमट हवेत भिंगावर बुरशी धरते आणि एकदा धरली की जात नाही, म्हणून ओलावा शोषणाऱ्या पुड्या घातलेल्या घट्ट झाकणाच्या डब्यात तो संसार ठेवावा लागतो. वातानुकूलित खोलीतून कॅमेरा थेट बाहेर आणला तर गवताच्या आधी दव भिंगावरच धरते. वेल्सचा सिद्धांत आम्ही असा आमच्या खर्चाने सिद्ध केला आहे.

या वेडात आम्ही एकटे नाही याचा आधार आम्हांला एका अमेरिकन शेतकऱ्याने दिला. व्हरमाँट प्रांतातल्या जेरिको गावी राहणाऱ्या विल्सन बेंटली याने १५ जानेवारी १८८५ रोजी सूक्ष्मदर्शकाला कॅमेरा जोडून हिमकणाचे पहिले छायाचित्र घेतले, तेव्हा तो वीस वर्षांचाही नव्हता. पुढे १९३१ मध्ये मरेपर्यंत तो प्रत्येक हिवाळा बिनउबेच्या खोपटात उभा राहून, आपल्या श्वासाने कण वितळू नये म्हणून श्वास कोंडून, हेच करीत राहिला. पाच हजारांहून अधिक चित्रे त्याने घेतली. उन्हाळ्यात दव आणि कोळ्यांची जाळीही टिपली. पावसाच्या थेंबांचे आकार मोजायला तर त्याने परातीत मैदा पसरून पावसात धरला, आणि थेंबागणिक झालेल्या पिठाच्या गोळ्या मोजल्या. गावकरी त्याला काय म्हणत असतील हे आम्हांला निराळे सांगायला नको.

बेंटलीविषयी वाचल्यापासून खरा गोठलेला थेंब पाहण्याची हाव सुटली. तो गोव्यात मिळणे शक्य नाही. म्हणून एका जानेवारीत महाबळेश्वर गाठले. दर हिवाळ्यात 'वेण्णा तलावाच्या परिसरात दवबिंदू गोठले' अशी बातमी मराठी वृत्तपत्रांत छायाचित्रासह येते, आणि खाली गावातले तापमान सहा-सात अंश दिलेले असते. पाणी शून्याला गोठते, मग हे कसे, असा प्रश्न आम्हांला कायम पडे. तेथे गेल्यावर उत्तर हाताला लागले. तापमापक माणसाच्या उंचीवर टांगलेला असतो, दव मात्र जमिनीशी धरते, आणि निरभ्र, निवांत रात्री जमिनीलगतचा गारठा वरच्या हवेपेक्षा कित्येक अंशांनी अधिक असतो. त्यातून तलावाचा भाग खोलगट, जड झालेली थंड हवा उतारावरून तेथे येऊन साचते. तीन पहाटा काढल्या. दोन निरंक. तिसऱ्या दिवशी होड्यांच्या धक्क्याच्या फळ्यांवर, गाड्यांच्या टपांवर आणि स्ट्रॉबेरीच्या पानांवर पांढुरका थर दिसला. भिंगातून पाहिले तर ते बेंटलीचे षट्कोनी नक्षीकाम नव्हते. आधी पाणी होऊन मग गोठलेले गोल, अपारदर्शक मणी होते, साबुदाण्यासारखे. वाफेतून थेट उमलणारी हिमाची पिसे निराळी, ती आम्हांला भेटली नाहीत. त्या गोठलेल्या मण्यांत जग उलटे दिसत नाही, काहीच दिसत नाही. सौ. म्हणाल्या, "अहो, आपला वास्कोचा थेंब बरा. त्यात निदान कुणीतरी असतं." पर्यटक आनंदाने तो थर खरवडून एकमेकांना दाखवत होते आणि स्ट्रॉबेरीचा मालक पाने किती करपणार याचा अंदाज घेत वाफ्यातून फिरत होता. नाशिककडे निफाडच्या बाजूला अशा रात्री द्राक्षबागांत शेकोट्या पेटवून बसतात, हे वाचले होते. त्या मालकाचा चेहरा पाहिल्यावर ते उमगले.

तसे ते पेडण्यात फार पूर्वीच उमगायला हवे होते. आमचे मूळ घर पेडणे महालातले. वर्षातून दोन-तीनदा तेथे जातो, तेव्हा वहीतली जागेची नोंद बदलते. पेडण्याचे दव वास्कोपेक्षा दाट. समुद्र जरा दूर, माड-पोफळीच्या बागा, खाली वायंगणाचे ओले तुकडे. पावसाच्या शेवटी सड्यावर कातळाच्या ओलसर खळग्यांत ड्रोसेरा उगवतो. त्याच्या लालसर केसांच्या टोकांवरचे थेंब ऊन चढले तरी सुकत नाहीत, कारण ते चिकट असतात आणि किड्यांसाठी लावलेला तो सापळा असतो. नवशिक्याने त्याला दव म्हणावे आणि मुंगीने पाणी समजावे, दोघांची फसगत सारखीच. पुढे मोप्याच्या सड्यावर विमानतळ झाला आणि डिसेंबर २०२२ मध्ये त्याचे उद्घाटन झाले. त्या वाटेने जाताना पायाखालच्या कातळाकडे पूर्वी पाहिले तेवढे पाहिले जात नाही.

तर गोष्ट काजूच्या मोहराची. एका पौषात घरामागच्या डोंगरीवर मोहरलेल्या फांदीवर असे काही दव धरले होते की आम्ही तासभर हललो नाही. बाग राखणारा वृद्ध गडी कोयता टेकून उभा होता. शेवटी न राहवून म्हणाला, "दंव पडला काय मोहर काळो पडता." दाट दव आणि धुके मोहराला मानवत नाही, बुरशी आणि कीड यांचे फावते, हे आम्ही कृषी खात्याच्या पत्रकांत वाचले होते, त्यांवर सह्याही केल्या होत्या. पण त्या क्षणी ते आठवले नव्हते. त्याच गड्याने खालच्या मळ्यात अळसांदे दाखवून सांगितले, की त्यांना मात्र हेच दव पाहिजे, भाताच्या कापणीनंतर जमिनीत उरलेल्या ओलीवर आणि या पहाटेच्या ओलाव्यावर ती वेल उभी असते. तेव्हापासून वहीत आणखी एक रकाना आखला: 'कोणावर'.

हा रकाना आधी असता तर डिचोलीत आमची एक चूक झाली नसती. २००४ पासून काही वर्षे आमची नेमणूक डिचोलीत होती. ते लोहखनिजाच्या तेजीचे दिवस. चीनची मागणी वाढलेली, २०१०-११ मध्ये गोव्यातून गेलेले खनिज पाच कोटी टनांच्या पुढे गेले. रस्त्यावर ट्रकांची माळ तुटत नसे. तेव्हा आमच्याकडे फिल्मचा कॅमेरा होता, छत्तीस चित्रांचा रोल महिनाभर पुरवायचा. एका सकाळी रस्त्याकडेच्या घाणेरीच्या पानांवर लाल थेंब दिसले. माणकासारखे, अगदी मधोमध उन्हाचा ठिपका असलेले. ती चित्रे मोठी करून घेतली आणि एका छोट्या प्रदर्शनात मांडली, खाली नाव दिले 'माणिकमोती'. खूप वाहवा झाली. ज्या धुळीने त्या रस्त्यावरची लहान मुले खोकत होती, जिच्याविषयी आमच्याच टेबलावर अर्ज पडलेले होते, तीच धूळ आम्ही चौकटीत घालून भिंतीवर लावली, हे तेव्हा ध्यानात आले नाही. आले ते फार उशिरा, एका तक्रारदारानेच ते चित्र पाहून "सुंदर आहे हो" म्हटले तेव्हा. तो उपरोधाने म्हणाला असता तर बरे वाटले असते.

सप्टेंबर २०१२ मध्ये राज्य शासनाने आणि पुढच्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने खाणकाम थांबवले. २०१४ मध्ये मर्यादा घालून परवानगी मिळाली आणि फेब्रुवारी २०१८ मध्ये न्यायालयाने ८८ खाणपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द ठरवले. २०१८ च्या डिसेंबरात आम्ही मुद्दाम त्याच रस्त्याला गेलो. घाणेरीवरचे थेंब नितळ होते. आतेभावाच्या अंगणात त्याचे दोन ट्रक उभे होते, टायर बसलेले, एकाच्या बोनेटवरून वेल थेट आरशापर्यंत चढलेली. त्या वेलीवर पडलेल्या दवाइतके स्वच्छ दव आम्ही गोव्यात दुसरे पाहिले नाही. कॅमेरा पिशवीतून काढला, आणि पुन्हा ठेवला. ट्रकांचे हप्ते तो अजून फेडीत होता. आतून वहिनींनी चहाला हाक मारली. त्या दिवसाची नोंद 'निरंक' आहे आणि ती खोटी आहे. दहा वर्षांतली ही एकच खोटी नोंद. अलीकडे लिलाव होऊन काही खाणी पुन्हा सुरू झाल्या आहेत. आतेभावाचे ट्रक तोपर्यंत भंगारात गेले होते.

वास्कोच्या थेंबाचा रंग वेगळा. आमच्या गावी कोळशाची जहाजे येतात आणि खिडकीच्या चौकटीवर बोट फिरवले की बोट काळे होते, हे वास्कोकरांना सांगायला नको. भिंगातून पाहताना काही थेंबांच्या तळाशी बारीक काळे कण बसलेले दिसत. २०१७ साली कोळसा हाताळणीच्या विस्ताराविषयी येथे जाहीर सुनावणी झाली आणि लोक इतके बोलले की ती अनेक दिवस चालली. सौ.नी चाळीस चित्रे निवडून एका वहीत चिकटवली आणि म्हणाल्या, आपण जाऊ या. आम्ही त्यांना थांबवले. पहिले कारण खरे होते: आम्ही सेवेत होतो. दुसरे कारण असे दिले, की काळा कण म्हणजे कोळसाच हे पृथक्करणाशिवाय म्हणता येणार नाही, तो काजळीचा असेल, टायरचा असेल. छायाचित्र हा पुरावा नव्हे. हेही चुकीचे नव्हते. पण सौ. सेवेत नव्हत्या, आणि त्या पृथक्करणाचा निकाल सांगायला निघाल्या नव्हत्या, आपल्या दारचे गवत दाखवायला निघाल्या होत्या. ती वही कपाटात तशीच आहे. छत्तीस वर्षांत किती लोकांना आम्ही असेच बिनचूक कारण देऊन परत पाठवले असेल, हा विचार त्या वहीकडे पाहिले की येतो.

आता डोळ्याचे सांगतो. २०२२ च्या मार्गशीर्षात चिखलीच्या उतारावर सौ.नी एक मोठे जाळे दाखवले. "उजवीकडे आहे, जपून." आम्ही "दिसलं" म्हटले आणि सरळ त्या जाळ्यातून चालत गेलो. चेहरा ओला, चष्म्यावर धागे, आणि रात्रभर खपून बांधलेले कोळ्याचे घर गेले. त्याच आठवड्यात हे दुसऱ्यांदा झाले. तेव्हा त्यांनी हसण्यावारी नेले नाही, मडगावला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेले. आम्हांला वाटले, मोतीबिंदू असेल, वयच झाले. एका पांढऱ्या वाडग्यात डोके घालून, दिव्याचा ठिपका दिसला की बटण दाबायचे, अशी तपासणी झाली. ठिपके थांबले असे वाटून आम्ही बसून राहिलो, आणि नंतर कळले की ते थांबले नव्हते. मोतीबिंदू नव्हता, काचबिंदू होता. डोळ्याच्या आतला दाब नसेला दुखवतो, दुखत खुपत काही नाही, प्रथम कडेची दृष्टी जाते आणि गेलेली परत येत नाही. उरलेली राखता येते, त्यासाठी रोज रात्री डोळ्यात थेंब घालायचे.

डॉक्टरांनी विचारले, इतकी वर्षे लक्षात कसे आले नाही? त्याचे उत्तर आम्हांला घरी आल्यावर सुचले. जवळून पाहण्याच्या या छंदात कडा नकोच असतात. मधोमध एक मिलिमीटर स्पष्ट आणि बाकी सारे धूसर, हेच तर आम्ही रोज पहाटे कष्टाने साधत होतो. डोळा तेच करू लागला तर ते खटकणार कसे? मधली दृष्टी अजून चांगली आहे. थेंबातला उलटा पहारेकरी आजही स्पष्ट दिसतो. शेजारून जाणारी स्कूटर दिसत नाही.

हा विकार घराण्यातून येतो, असेही डॉक्टर म्हणाले, भावंडांना तपासून घ्यायला सांगा. त्या रात्री पेडण्याचे घर डोळ्यांपुढे आले. वडील उतारवयात दाराच्या चौकटींना आपटत, वाटेतली घागर लाथाडत, ताटाच्या उजव्या कडेचे लोणचे तसेच ठेवून उठत. आम्ही मुले त्यांना वेंधळे म्हणत असू. आई रागावे, की पाहून चालवत नाही का. ते म्हणत, "अगं, पाहतोच आहे." जुन्या घराच्या चौकटी बुटक्या, कंदिलाचा उजेड कमी, अशी आमची समजूत होती. त्यांना दाखवायला कोणी कोठे नेले नाही. थोरल्या बहिणीला फोन केला तेव्हा ती बराच वेळ बोललीच नाही, मग एवढेच म्हणाली, "लोणचं." तिची तपासणी झाली. तिच्याही डाव्या डोळ्यात सुरुवात सापडली, पण वेळेत. तिच्या दोन्ही मुलांना आता वर्षातून एकदा जावे लागते. आमच्या वाचकांपैकी ज्यांच्या घरी असे कोणी 'वेंधळे' होऊन गेले असेल, त्यांनी चाळिशीनंतर एकदा तो पांढरा वाडगा पाहून यावा.

उपक्रम बंद करायचा विचार आमच्या मनात आला होता. सौ.नी तो विचारातच घेतला नाही. त्यांचे गुडघे त्यांना गवतात बसू देत नाहीत, आमचा डोळा आम्हांला वाट दाखवीत नाही. तेव्हा आता त्या अर्धे पाऊल पुढे, उजव्या बाजूला चालतात, हातात छत्री. छत्री उन्हासाठी नव्हे, तिच्या टोकाने त्या जाळी, दगड आणि खड्डे दाखवतात. थेंब सापडला की आम्ही पालथे होतो, त्या उभ्या राहून वारा अडवतात आणि सांगतात: जरा डावीकडे, थोडं खाली, थांबा, झुळूक जाऊ दे. पूर्वी चित्र कोणाचे यावर आमचा कधीमधी वाद होई. आता होत नाही.

परवा माघ शुद्धात कुंपणाजवळच्या आमच्या जागेवर गेलो होतो. सूर्य सात वाजून गेल्यावर टेकडीवर आला. पहारेकरी नवा होता. त्याने हटकले, सौ.नीच त्याला बोलावून पडदा दाखवला. दूर झुआरीत एक बार्ज उभी होती, थेंबात ती वर आणि पाणी तिच्याही वर. घरी आल्यावर वही त्यांनी उघडली, कारण रकान्यांच्या कडा आता आम्हांला नीट सापडत नाहीत. नोंद त्यांच्या अक्षरात आहे: तापमान वीस, आकाश निरभ्र, वारा नाही, विषय गवताचे पाते. 'कोणावर' या रकान्यात त्यांनी थोडे थांबून लिहिले, 'कोणावर नाही', आणि आमच्यापुढे सहीसाठी वही सरकवली.